खरखर कुठून येते?

गेल्या उन्हाळ्यात अकोल्याला अम्मीकडे गेलो तेव्हा माझ्या बॅगेत काडेपेटीहून थोडं मोठं एक यंत्र होतं. भाच्यानं ते आग्रहानं दिलं होतं. त्याला डॅक म्हणतात. संगणकातल्या आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करायचं आणि ती लहर हेडफोनला किंवा स्पीकरला द्यायची, एवढंच त्याचं काम. "मामू, फोनवर ऐकता ते ऐकणं नव्हे. हाय-रेझ ऐकून बघा," असं त्याचं म्हणणं. मला गाण्यापेक्षा एका कॅसेटमध्ये रस होता. १९८४ साली माझ्या थोरल्या मामूंनी घरच्या टू-इन-वनवर नानांचा आवाज टेप केला होता. नाना अकोल्याच्या एका जीनमध्ये कापसाच्या वजनाची वही लिहायचे. त्या कॅसेटवर आधी त्यांची थोडी किरअत आहे आणि मग चाळीसेक मिनिटांच्या गप्पा, घरातल्या दखनीत सुरू होऊन बघता बघता वऱ्हाडीत शिरणाऱ्या. नाना जाऊन आता पस्तीसहून जास्त वर्षं झाली. त्यांचा एवढाच आवाज आमच्याकडे आहे.

ती कॅसेट मी अमरावतीला घरीच संगणकात उतरवून घेतली होती, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर. अम्मीसमोर लॅपटॉप ठेवला, डॅक जोडला, स्पीकर लावला आणि फाईल सुरू केली. दोन मिनिटं झाली नाहीत तोच 'टक्' असा आवाज आला. पुन्हा थोड्या वेळानं 'टक्'. मग एकदा 'फट्ट'.

अम्मी म्हणाली, "रेकॉर्डवर चरा पडला का?"

मी हसलो. म्हटलं, ही फाईल आहे, फाईलला चरा पडत नाही. पुढचे आठ दिवस मी त्या वाक्याची शिक्षा भोगली.

हा लेख त्या आठ दिवसांचा आहे, पण त्याआधी अम्मीच्या प्रश्नाकडे जायला हवं. तिच्या पिढीत खरखर म्हणजे रेकॉर्डचीच खरखर, आणि त्या खरखरीचा इतिहास आपल्या देशात १९०२ च्या नोव्हेंबरात सुरू होतो. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग तेव्हा कलकत्त्यात आला आणि त्यानं गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला. मायक्रोफोन नव्हता, वीज नव्हती. एका भोंग्यात तोंड घालून गायचं, त्या हवेच्या धक्क्यानं सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ ओढली जायची. तीन मिनिटांत गाणं संपवून गौहर जान शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या. लोकांना ती ऐट वाटली. खरं कारण साधं होतं. त्या मुद्रणावरून रेकॉर्डी काढल्या जायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला, आणि तिथल्या कारागिराला कोण गातंय हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि रेकॉर्डी इथंच तयार होऊ लागल्या.

ती काळी तबकडी कशाची बनलेली असे, हे फार जणांना माहीत नसतं. तिच्यात लाख असे. पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्यांची तीच लाख, जिच्या बांगड्या आपल्याकडच्या बायका भरतात. जगभरच्या ग्रामोफोनला ही लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जायची. पण लाख म्हणजे फक्त चिकटवण. तबकडीचा मोठा भाग म्हणजे दगडाची बारीक भुकटी, त्यात काजळी आणि थोडे कापसाचे तंतू. दगडाची भुकटी मुद्दाम घालत. पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांतच घासून खाचेच्या आकाराची व्हावी, म्हणजे ती नीट बसते, असा तो हिशेब. त्या भुकटीवरून सुई घसरते तेव्हा जो सतत 'सर्रर्र' येतो तो रेकॉर्डचा मूळ स्वभावच आहे, बिघाड नव्हे. सुई प्रत्येक बाजूनंतर बदलायची असते. कोण बदलतं? सुयांची डबी संपली की तीच सुई महिनाभर चालायची, आणि मग खाचेलाच सुईचा आकार यायचा.

चऱ्याचा आवाज वेगळा असतो. तो नेमानं येतो. रेकॉर्ड मिनिटाला ७८ फेरे घेते, म्हणजे आडव्या चऱ्याचा 'टक्' सेकंदाला १.३ वेळा ऐकू येणार. ३३⅓ फेऱ्यांच्या लाँगप्लेवर तोच चरा दर १.८ सेकंदांनी बोलतो. जुने लोक डोळे मिटून सांगायचे, रेकॉर्ड कोणती आणि चरा केवढा.

वऱ्हाडात आणखी एक शत्रू होता, मे महिना. अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा लाखेची तबकडी उभी ठेवली तर वाकते आणि आडव्या ढिगात ठेवली तर खालची दबते. आमच्याकडे पत्र्याच्या पेटीत गाद्यांखाली ठेवलेल्या रेकॉर्डी होत्या. त्यातल्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या दोन तबकड्या ताटलीसारख्या झाल्या होत्या. करीम खाँ जन्मानं किराण्याचे, पण घर केलं मिरजेला, आणि मराठी नाट्यपदं त्यांनी अशी गायली की ती ऐकणाऱ्या कुणालाही हा माणूस उत्तरेतून आला आहे हे पटू नये. १९०४-०५ च्या सुमारास त्यांचं पहिलं मुद्रण झालं आणि शेवटच्या वर्षांत, १९३४ ते ३६ मध्ये, ओडियन कंपनीसाठी त्यांनी ज्या रेकॉर्डी दिल्या त्या महाराष्ट्रभर घराघरांत पोचल्या. सोलापूरच्या मेहबूबजानचंही नाव इथं घ्यायला हवं. मराठी गाणी रेकॉर्डवर देणाऱ्या अगदी आरंभीच्या गायिकांतली ती एक. मराठी ध्वनिमुद्रणाचा इतिहास लिहिताना ही नावं कडेला का ढकलली जातात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. मुंबईत १९९० साली सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या मित्रांनी रेकॉर्ड संग्राहकांची संस्था काढली नसती तर या नावांपैकी बरीचशी आपल्या कानांवर आलीच नसती, एवढं इथं नोंदवतो.

रेडिओची खरखर निराळी. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं आणि वऱ्हाडाला आपलं म्हणावं असं स्टेशन मिळालं. मीडियम वेव्हवर वीज कडाडली की रेडिओत 'खर्रर्र' यायचा, मैलोन्‌मैल लांब ढग असले तरी. नाना त्यावरून पावसाचा अंदाज बांधायचे. जीनच्या मोटारी सुरू झाल्या की त्यांच्या ठिणग्यांचा चरचराट आमच्या गल्लीतल्या सगळ्या रेडिओंत एकदम सुरू व्हायचा. कापसाचा हंगाम चालू आहे की संपला, हे रेडिओ सांगायचा. विजेची ठिणगी म्हणजे एक लहानसं प्रक्षेपण केंद्रच असतं आणि रेडिओ ते इमानदारीनं पकडतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

मग कॅसेट आली. फिलिप्स कंपनीनं ती १९६३ मध्ये काढली, आपल्या घरांत ती शिरली १९८० च्या दशकात. आखातात गेलेल्या कुणीतरी आणलेला टू-इन-वन हा त्या काळी मोहल्ल्याचा मान होता. कॅसेटनं एक मोठी गोष्ट केली. रेकॉर्ड ऐकणाऱ्याच्या हाती मुद्रण नव्हतं, कॅसेटनं ते दिलं. लाल बटण दाबलं की झालं. उरुसातली कव्वाली, चौकातला मुशायरा, जलशातली तकरीर, लग्नातली सेहरा म्हणणारी पोरं, वाढदिवसाला बोबडं बोलणारं लेकरू, हे सगळं टेप होऊ लागलं. अकोला, अमरावती, बाळापूर, अचलपूरच्या घराघरांत अशा कॅसेटी पडून आहेत. त्यांवर जे आहे ते कुठल्याही संग्रहालयात नाही. वऱ्हाडातल्या सामान्य मुसलमानाची बोली चाळीसेक वर्षांपूर्वी कशी होती, हे कोणाला अभ्यासायचं असेल तर त्याला याच कॅसेटींकडे यावं लागेल. त्या बुरशीनं चालल्या आहेत. मी सगळ्यांना सांगत असतो, आता उतरवून घ्या.

आणि सांगताना हेही सांगत असतो की एकदा आकड्यांत उतरवलं की संपलं, मग खरखर नाही. हाच माझा गैरसमज होता.

आकड्यांची गोष्ट थोडक्यात अशी. आवाजाची लहर आहे, तिची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजायची आणि ते आकडे लिहून ठेवायचे. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, म्हणून त्याच्या दुपटीपेक्षा थोडे जास्त नमुने घेतले तर लहर पुन्हा जशीच्या तशी उभी करता येते. हे गणित नायक्विस्ट आणि शॅनन या दोघांच्या नावानं ओळखलं जातं. १९८२ मध्ये सोनी आणि फिलिप्सनं सीडी आणली तेव्हा सेकंदाला ४४,१०० नमुने ठरले. हा विचित्र आकडा आला कुठून? संगीताशी त्याचा काही संबंध नाही. त्या वेळी एवढे आकडे साठवायला स्वस्त साधन एकच होतं, व्हिडिओ टेप. अमेरिकी-जपानी पद्धतीत सेकंदाला ६० वेळा पडदा भरतो, त्यात २४५ रेघा वापरता येत, आणि एका रेघेत ३ नमुने बसत. ६० गुणिले २४५ गुणिले ३, बरोबर ४४,१००. युरोपी पद्धतीत ५० गुणिले २९४ गुणिले ३, तेही तेवढेच. व्यावसायिक ध्वनिमुद्रणात आणि व्हिडिओत मात्र ४८,००० हा आकडा रूढ झाला, आणि त्याचीच दुप्पट-चौपट म्हणजे ९६,००० आणि १,९२,०००. जगात आजवर ही दोन घराणी चालू आहेत.

अम्मीच्या दिवाणखान्यातला 'फट्ट' त्या दोन घराण्यांच्या भांडणातून येत होता. मी नानांची फाईल ९६,००० ची ठेवली होती आणि तिच्या आधी-नंतर सीडीवरून घेतलेली गाणी ४४,१०० ची. डॅकमध्ये या दोन घराण्यांसाठी बहुधा दोन वेगळी स्फटिक घड्याळं असतात. गाणं बदललं की यंत्र एक घड्याळ सोडून दुसरं पकडतं आणि त्या क्षणी आवाज बंद करायला अर्धा श्वास उशीर झाला तर स्पीकरला धक्का बसतो. उपाय सोपा निघाला. एकाच दराच्या फाईली एका यादीत ठेवल्या आणि 'फट्ट' गेला. (भाचा म्हणाला, सगळं एकाच दरात बदलून वाजवलं तरी चालतं. चालतं, पण मग एवढं यंत्र घेतलं कशाला?)

'टक्' मात्र जाईना. तो कधी दोन मिनिटांनी यायचा, कधी दहा मिनिटांनी, आणि एकदाच फ्रिजच्या वेळेला.

शेवटी मी तेच केलं जे जुने रेकॉर्डवाले करायचे. वही घेतली. फाईल तीनदा वाजवली आणि प्रत्येक 'टक्' कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला आला ते लिहिलं. वाचकांपैकी कुणाला असा त्रास असेल तर आधी एवढंच करा, काहीही विकत घेऊ नका. जो 'टक्' तिन्ही वेळा त्याच सेकंदाला येतो तो फाईलमध्ये आहे. जो दर वेळी जागा बदलतो तो वाजवणाऱ्या यंत्रात आहे. आणि जो घड्याळाकडे न बघता फ्रिज, पंखा, इन्व्हर्टर यांच्याकडे बघून येतो तो विजेतून आला आहे. माझ्या वहीत तिन्ही जातींचे निघाले.

जागा बदलणारे आधी घेतले. संगणक आवाजाचे आकडे एकेक करून देत नाही. एका छोट्या टाकीत भरून ठेवतो आणि डॅक त्यातून सतत घेत राहतो. अकोल्यात हे समजावणं सोपं आहे. नळ काही दिवसांआड येतो, म्हणून प्रत्येकाच्या घरी टाकी, आणि टाकी लहान असली की पुढचा नळ यायच्या आत ठणठणाट. लॅपटॉपमधली टाकी ५१२ नमुन्यांची होती. सीडीच्या दरानं ती ११.६ मिलिसेकंद पुरते. ९६,००० च्या दरानं ५.३ मिलिसेकंद. १,९२,००० ला तर २.७. दर वाढवला आणि टाकी तेवढीच ठेवली, तर संगणकाला दम घ्यायला वेळच उरत नाही. त्याच वेळी वाय-फाय काही शोधायला लागला, विषाणू तपासणारा प्रोग्रॅम जागा झाला, वीज वाचवण्यासाठी प्रोसेसर झोपायला गेला, की टाकी रिकामी. डॅकला आकडा मिळत नाही, लहर जिथं असेल तिथून एकदम शून्यावर पडते. अशी उभी कडा म्हणजे एकाच क्षणी सगळ्या पट्ट्यांचे स्वर. कानाला तो 'टक्' लागतो. म्हणजे आवाज जितका उंच प्रतीचा, तितकी ही तक्रार जास्त. भारी फाईल घेतली म्हणून खरखर कमी होईल, ही समजूत अगदी उलटी आहे.

टाकी २०४८ ची केली, वाय-फाय बंद केला, वीज-बचत काढून टाकली, डॅक हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला लावला. जागा बदलणारे 'टक्' गेले. गाणं सुरू व्हायला आता डोळ्याच्या पापणीएवढा उशीर होतो. ऐकणाऱ्याला त्याचं काय?

फ्रिजवाल्यासाठी ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्यानं लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर वाजवायला सांगितलं. 'टक्' निम्म्यानं कमी झाला, म्हणजे वाट चार्जरच्या तारेतून होती. मग तो अंगणात गेला आणि अर्थिंगच्या खड्ड्याशी उकिडवा बसला. "पाणी कधी टाकलं होतं याच्यात?" कुणी टाकलं नव्हतं. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरतात ते ओल धरून ठेवायला. आपली काळी माती मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते, पट्टीभोवतीची माती तिला सोडून देते आणि जमिनीशी नातं तुटतं. मग फ्रिजची मोटार सुरू होतानाची ठिणगी जाणार कुठं? ती घरातल्या तारांत फिरते. नानांच्या काळी जीनच्या ठिणग्या रेडिओत यायच्या, आता फ्रिजची ठिणगी डॅकमधून येते. दोन दिवस खड्ड्यात बादलीनं पाणी टाकलं, डॅकला वेगळं सॉकेट दिलं. गेला.

आता उरले फक्त तिन्ही वेळा त्याच जागी येणारे. वहीत असे एकोणीस होते. हे फाईलमध्येच आहेत, म्हणजे कॅसेटमधून आलेले किंवा उतरवताना माझ्या हातून झालेले. त्यांतले तीन माझेच होते. उतरवताना मी आवाजाची पातळी चढी ठेवली होती आणि नाना मोठ्यानं हसले तिथं लहरीचं डोकं सपाट कापलं गेलं होतं. टेप अशा वेळी समजून घेते, थोडी दबते. आकडे समजून घेत नाहीत. कमाल आकड्याच्या पुढे जागाच नसते. ती जागा कमी पातळीवर पुन्हा उतरवली.

सोळा उरले. संगणकात 'टक्' काढणारे प्रोग्रॅम असतात. त्यांचाही इतिहास आहे. अमेरिकेत यूटा विद्यापीठातल्या थॉमस स्टॉकहॅम यांनी कारुसो या इटालियन गायकाच्या जुन्या रेकॉर्डींचा आवाज संगणकानं धुतला आणि १९७६ मध्ये तो बाजारात आला. भोंग्यानं घातलेला घुमारा आकडेमोडीनं काढून टाकता येतो, हे त्यांनी दाखवलं. पुढे १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये केंब्रिजला, तिथल्या राष्ट्रीय ध्वनिसंग्रहासाठी, नेमका 'टक्' ओळखून काढणाऱ्या पद्धतीवर काम झालं. आज ती कामं मोफत मिळणारा प्रोग्रॅमही करतो. तो आजूबाजूच्या नमुन्यांवरून पुढचा नमुना काय असेल याचा अंदाज बांधत जातो. अंदाजापेक्षा फार वेगळा आकडा आला की म्हणतो, हा चरा. तेवढा तुकडा काढतो आणि दोन्ही बाजूंवरून जोडून ठिगळ लावतो.

मी बटण पूर्ण चढवलं आणि रात्रभर संगणक चालू ठेवला. सकाळी फाईल आरशासारखी स्वच्छ. अम्मीला बोलावलं.

तिनं दोन-तीन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "हे अब्बा नाहीत."

मी म्हटलं, अम्मी, तेच आहेत, फक्त खरखर काढली.

"नाही. अब्बांचं 'क़ाफ' असं नव्हतं."

तिचं बरोबर होतं. तज्वीदमध्ये कलकला म्हणून एक नियम आहे. क़ाफ, तोय, बे, जीम आणि दाल या पाच अक्षरांवर सुकून आला की अक्षर दाबून सोडायचं, त्याला एक हलका उसळता ठोका द्यायचा. मदरशात वर्षानुवर्षं पोरांकडून तो ठोका घोटून घेतात. नानांचा क़ाफ घशाच्या मुळातून यायचा आणि सोडताना खणकन वाजायचा. लहरीत बघितलं तर तो ठोका आणि चऱ्याचा 'टक्' जवळपास सारखे दिसतात. दोन्ही अचानक, दोन्ही अंदाजाबाहेर. प्रोग्रॅमनं क़ाफला चरा समजून त्याच्या जागी गुळगुळीत ठिगळ लावलं होतं. मग पुढे वऱ्हाडी गप्पांतही तेच. 'काऊन', 'कायले', 'पोट्टे' म्हणताना ते ज्या झटक्यानं बोलायचे तो झटका गेला होता. उरला होता कुणीतरी मवाळ, शहरी म्हातारा.

मी उत्सुकतेपोटी आणखी एक प्रयोग केला. गाडगेबाबांचं शेवटचं कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस वसाहतीत झालं. त्याचं ध्वनिमुद्रण झालं आणि ते टिकलं. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावला बाबा गेले. त्यांच्या आवाजाचा एवढाच पुरावा आपल्याकडे आहे, नि तो वऱ्हाडात फोनाफोनांत फिरतो. मला आलेल्या एका प्रतीवर मी तोच प्रोग्रॅम तसाच पूर्ण चढवून लावला. खरखर कमी झाली. पण बाबांचा प्रश्न आणि गर्दीचं उत्तर यांच्यामधली जी टाळ्यांची, गलक्याची धार आहे तीही बोथट झाली. बाबा रिकाम्या खोलीत बोलत असल्यासारखे वाटू लागले. मोझरीच्या तुकडोजी महाराजांच्या भजनातल्या खंजिरीचं याहून वाईट झालं. खंजिरीची थाप म्हणजे प्रोग्रॅमच्या लेखी नुसते चरेच. ज्या वर्गात, ज्या मातीत बोलणं आणि वाजवणं ठसक्यानं होतं, तिथं ही सफाई जास्त कापते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या मनात तसं काही नसतं, पण परिणाम तोच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्नूक हुर्गरोन्ये या डच अभ्यासकानं मक्केतले आवाज मेणाच्या नळ्यांवर मुद्रित करून घेतले. त्या नळ्या लायडनला जपून ठेवल्या आहेत. मेण इतकं झिजलेलं असतं की खरखरीतून आवाज शोधावा लागतो. १९६१ साली इजिप्तमध्ये शेख महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजात संपूर्ण कुराणाचं मुद्रण झालं, तेव्हा हेतू उच्चार जपण्याचाच होता. तिथं एक ठोका इकडचा तिकडे झाला तर चूक मानली जाते. जगभरच्या ध्वनिसंग्रहांत म्हणूनच एक शिस्त आहे. मूळ उतरवलेली फाईल जशी आहे तशी, चऱ्यासकट ठेवायची. सफाई करायची ती वेगळ्या प्रतीवर. माझ्या सुदैवानं मूळ फाईल मी पुसली नव्हती. पुसणार होतो, जागा फार खाते म्हणून. ९६,००० नमुने, २४ बिट, दोन वाहिन्या, म्हणजे सेकंदाला ४६ लाखांहून जास्त बिट. चाळीस-पन्नास मिनिटांची एक बाजू दीड गिगाबाइटच्या आसपास जाते.

मग सोळाच्या सोळा 'टक्' हातानं तपासायला बसलो, अम्मीला शेजारी घेऊन. लहर मोठी करायची, ऐकायचं, विचारायचं. सहा टेपचे निघाले, तिथं पट्टी चुरगळली होती. ते काढले. दोन टू-इन-वनच्या बटणाचे, मामूंनी मध्ये टेप थांबवली होती. ते ठेवले. एका ठिकाणी दाराची कडी.

सात उरले. सगळे गप्पांच्या भागातले आणि एकमेकांसारखे. कोरडे, धातूचे, आणि प्रत्येकाच्या मागून एक बारीक 'कर्र'. मी म्हटलं, हा नक्की पट्टीचा दोष, आणि बोट बटणावर ठेवलं.

अम्मीनं हात धरला. "थांब. तो अडकित्ता आहे."

नाना बोलता बोलता सुपारी कातरत होते. अम्मी उठली, आतल्या कपाटातून पितळी अडकित्ता घेऊन आली. त्याची एक दांडी मोरासारखी आहे, चोच तुटलेली. तिनं तो माझ्या कानाजवळ नुसताच मिटला. तोच आवाज, फक्त सुपारीचा 'कर्र' नव्हता.

सात ते सात ठेवले. फाईलसोबत एक कागदही ठेवला आहे, कोणत्या मिनिटाला काय आहे ते लिहून, म्हणजे पुढे भाचा किंवा त्याची पोरं सफाई करायला बसली तर त्यांना कळेल. कॅसेटची दुसरी बाजू अजून उतरवायची आहे. टू-इन-वनचा पट्टा वितळून डांबरासारखा झाला आहे आणि तसा पट्टा अमरावतीत मिळाला नाही. टिळक रोडच्या मागे एक जुना रेडिओ दुरुस्त करणारा बसतो असं वायरमन म्हणाला. पुढच्या खेपेला त्याच्याकडे जाईन.